पश्चिमेची गच्ची, रंगीत पानं: तेरा महिन्यांच्या नोंदी

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

जागा कोथरूडला, तिसरा मजला. घराला लागून पश्चिमेकडे उघडी गच्ची, २२ फूट लांब आणि ९ फूट रुंद. दक्षिणेच्या अंगाला शेजारच्या घराची उंच भिंत आहे, उत्तर बाजू मोकळी. खाली इमारतीच्या पूर्वेला कुंपणालगत ३० फुटांचा मातीचा पट्टा आहे. त्यावर एका जुन्या आंब्याची सावली असते, आणि तो सोसायटीने मला लावायला दिला आहे.

सहा वर्षं गुलाब, मोगरा, शेवंती केली. फुलं येतात तेव्हा सुरेखच दिसतात, पण वर्षाचे आठ-नऊ महिने नुसत्या काड्या बघत बसावं लागतं. म्हणून यंदा पानांचाच रंग करायचा ठरवलं आहे. ज्यांच्याकडे अशीच पश्चिमेची जागा आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून पहिल्या दिवसापासून लिहून ठेवते आहे.

आज नर्सरीतून एका दमात २४ रोपं आणली. क्रोटन ५ (पेट्रा २, पिवळ्या ठिपक्यांचं गोल्ड डस्ट २, मुरडलेल्या पानांचं मॅमी १), लाल कॉर्डिलाइन २, लाल अ‍ॅग्लोनिमा २, कॅलॅथिया १, कोलियस ८, अकॅलिफा २, रिओ ४. रोपांचे ३,०६० रुपये, टेम्पोचे ४००. कुंड्या, लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत मिळून २,७५०. सकाळी दहाला सुरुवात केली आणि संध्याकाळी सातला शेवटची कुंडी भरली. सगळ्या कुंड्या कठड्याला लावून ओळीने ठेवल्या. उंचीप्रमाणे, रंगाप्रमाणे. खूप छान दिसतंय.

२३ फेब्रुवारी

पाच दिवसांत एका पेट्राची १४ पानं गळाली. पिवळी पडून नव्हे, चांगली रंगीत पानं. बोट लावलं की देठापासून सुटून पडतात. मॅमीला आता फक्त शेंड्याचा झुबका उरलाय. अ‍ॅग्लोनिमाच्या पानांवर कागद जळल्यासारखे फिकट चट्टे आले आहेत.

सोसायटीच्या माळीकाकांना वर बोलावलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, ही नर्सरीत कुठं ठेवली होती?" शेडनेटखाली, म्हणजे सावलीच्या जाळीखाली, दाटीवाटीने, दिवसातून दोनदा फवारा मिळत होता. तिथून उचलून मी ती एका दिवसात नव्या मातीत, नव्या कुंडीत आणि दुपारच्या उघड्या उन्हात आणून ठेवली. क्रोटनला एक बदलही पटकन सोसत नाही, मी त्याला एकदम तीन दिले.

दुसरी चूकही लगेच करणार होते. पानं गळतात म्हणून पाणी वाढवायला निघाले होते, काकांनी थांबवलं. पानं कमी झाली की झाड पाणीही कमी ओढतं, अशा वेळी जास्त पाणी दिलं तर मुळं कुजतात. सगळ्या कुंड्या दक्षिणेच्या भिंतीच्या सावलीत ओढून घेतल्या. आता बोटभर खोल माती कोरडी लागेपर्यंत पाणी द्यायचं नाही.

आता मी कुणालाही सांगेन, रोप आणल्यावर पंधरा दिवस ते आणलेल्याच पिशवीत, सावलीत ठेवा. कुंडी नंतर बदलता येते.

३ मार्च, रविवार

आजचा दिवस मोजणीचा. 'गच्चीवर ऊन येतं' असं मी सगळ्यांना सांगत होते, पण नेमकं कुठे आणि किती वाजता ते मला सांगता आलं नसतं. मुलीच्या पाटीवरचा पांढरा खडू घेतला. दर तासाला बाहेर जाऊन शहाबादी फरशीवर सावलीच्या कडेने रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली.

ऊन गच्चीत शिरतं पाऊण वाजता, आधी कठड्याशी. दोन वाजता निम्मी गच्ची व्यापतं. चार वाजता घराच्या भिंतीपर्यंत पोचतं. दक्षिणेच्या भिंतीजवळचा पाच फुटांचा कोपरा मात्र संध्याकाळपर्यंत सावलीतच. म्हणजे कठड्याशी साडेपाच तास ऊन, मध्ये सव्वाचार, घराच्या भिंतीशी सव्वादोन आणि कोपऱ्यात शून्य. ही सगळी दुपारची उन्हं. खालच्या पट्ट्यावर उलट आहे. तिथे सकाळी साडेसात ते अकरा कोवळं ऊन, तेही आंब्याच्या पानांतून गाळून आलेलं.

त्याप्रमाणे मांडणी बदलली. कठड्याशी रिओ, त्याला हे ऊन मानवतं. मधल्या पट्ट्यात, जरा सावरले की, अकॅलिफा आणि पेट्रा. घराच्या भिंतीशी गोल्ड डस्ट, कारण क्रोटनांत ते कमी उजेडावर निभावून नेतं. कोपऱ्यात अ‍ॅग्लोनिमा आणि कॅलॅथिया. कॉर्डिलाइन आणि निम्मे कोलियस खाली पट्ट्यात.

१६ मार्च

मॅमी गेलं. उपटून पाहिलं तेव्हा कारण हातातच आलं, आणि ते उन्हाचं नव्हतं.

रोप ज्या मातीच्या गोळ्यात आलं होतं तो गोळा चिकणमातीचा, मुठीएवढा, दगडासारखा घट्ट. आजूबाजूची माझी माती ओली होती. गोळा सुरीने कापला तर आत भुकटी! महिनाभर मी घातलेलं पाणी गोळ्याच्या बाजूने खाली उतरून जात होतं आणि मुळं आत तहानलेलीच राहिली. बाहेर एकही नवं मूळ आलेलं नव्हतं.

नर्सरीवाल्याला विचारलं. ही रोपं आंध्रातल्या राजमुंद्रीजवळच्या कडियमहून येतात. तिथल्या नर्सऱ्यांतून देशभर ट्रक भरून रोपं जातात. लांबच्या प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून चिकणमातीचा गोळा बरोबर असतो, त्यात काही गैर नाही. तो आपण तसाच कुंडीत पुरतो ही चूक.

दुरुस्ती अशी केली. पेट्राची एक कुंडी मोकळी करून गोळा बादलीभर पाण्यात बुडवला. आधी बुडबुडे आले, मग कडेची माती सुटायला लागली. अर्ध्या तासाने बोटांनी हळूहळू बाहेरची साधारण तिसरा हिस्सा माती पाण्यातच धुऊन काढली. मधली सोडवली नाही, कारण तिथे ओढाताण केली की बारीक मुळं तुटतात. परत लावताना मिश्रण असं: दोन भाग लाल माती, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जुनं शेणखत, एक भाग भाताचं तूस, कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. मी दोनदा भिजवून पिळते. पहिलं पाणी चहासारखं निघतं.

एकेक करून सगळी रोपं अशी सोडवायला तीन रविवार गेले.

९ एप्रिल, गुढीपाडवा

पेट्राला नवा शेंडा आला. पानं लांब, पोपटी, त्यात पिवळ्या शिरा. लालचा पत्ता नाही. पहिल्यांदा वाटलं रंग गेला. पण जुनी पानं नीट पाहिली तर क्रम कळतो: कोवळं पान हिरवं-पिवळं, मग शिरा नारिंगी होतात, आणि सर्वांत जुनी पानं लाल-काळपट. या झाडाचा लाल रंग वयाने येतो. म्हणजे फेब्रुवारीत जी पानं गळाली ती नेमकी रंगाची होती, आणि तो रंग परत यायला आता पाच-सहा महिने जाणार.

२१ एप्रिल

पारा चाळिशीला. दोन्ही अकॅलिफा आणि एक पेट्रा मळकट दिसायला लागले. धूळ समजून दोन दिवस दुर्लक्ष केलं. मग पांढरा कागद पानाखाली धरून पानावर टिचकी मारली. कागदावर राईहूनही बारीक ठिपके पडले आणि चालायला लागले. लाल कोळी. पानाच्या मागे शिरांजवळ बारीक जाळीही होती.

कोरड्या उष्ण हवेत ही कीड भराभर वाढते आणि पुण्यातला एप्रिल म्हणजे तिच्यासाठी सुगीच. दररोज सकाळी पाइपाने पानांच्या मागच्या बाजूला जोराचं पाणी मारलं, सलग पाच दिवस. एक दिवसाआड लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्यांच्या द्रव साबणाचे काही थेंब घालून फवारणी केली. पहिली फवारणी दुपारी चारला केली, ती चूक. तेलाचा थर आणि वर ऊन, त्यामुळे अकॅलिफाची वरची सगळी पानं भाजली. ही फवारणी सूर्य मावळल्यावरच करायची. दहा दिवसांत कोळी आटोक्यात आला.

हिरवी शेडनेट, ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, बांधली. तार-खिळ्यांसकट १,१५० रुपये.

५ मे

काल संध्याकाळचा वळीव. अर्ध्या तासात शेडनेट फाटून शेजारच्या इमारतीच्या खिडकीत अडकली. चारच कोपऱ्यांना सुतळीने ताणून बांधली होती, ती शिडासारखी फुगली. सुदैवाने कुणाला काही लागलं नाही, पण कुंडी पडली असती तर? आज दिवसभर तोच विचार.

नवी बांधताना कडेला दुमड घालून त्यातून तार ओवली, दर दोन फुटांवर बांधली आणि मध्ये थोडा झोळ ठेवला म्हणजे वाऱ्याला वाट मिळते. ३८० रुपये आणि एक रविवार. कठड्यावरच्या दोन कुंड्या कायमच्या खाली उतरवल्या. तिसऱ्या मजल्यावर कठड्यावर कुंडी ठेवू नये.

१९ मे, रविवार

आज फार वाईट वाटलं. दक्षिणेच्या कोपऱ्यातली अ‍ॅग्लोनिमा, जी मार्चपासून सुखात होती, तिची चार पानं पांढरी पडली. ऊन लागलं. पण तिथे ऊन येतच नाही असं मी खडूने मोजून लिहिलं होतं!

पुन्हा खडू काढला, या वेळी गुलाबी. दर तासाला रेघ. चार वाजता कोपऱ्यात स्वच्छ ऊन.

कारण समजायला जरा वेळ लागला. मार्चमध्ये सूर्य दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेची भिंत कोपऱ्यावर सावली धरते. पुण्यात मेच्या मध्यावर एक दिवस तो भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. त्या दिवसांत दुपारनंतर तो उत्तरेकडे कलतो, आणि मग दक्षिणेच्या भिंतीची सावली माझ्या कोपऱ्यावर पडतच नाही. वर्षातला सगळ्यांत सुरक्षित वाटलेला कोपरा ऐन उन्हाळ्यात उघडा पडतो.

हे मी अधोरेखित करून लिहिते आहे, कारण मला हे आधी कुणी सांगितलं नाही. एकदा केलेली उन्हाची मोजणी वर्षभर चालत नाही. किमान तीनदा करा: मार्च, मे आणि डिसेंबर. अ‍ॅग्लोनिमा उचलून दिवाणखान्याच्या खिडकीत आणली.

२६ मे

कॅलॅथियाच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या आहेत. कुंडीच्या काठावर पांढरी खार जमली आहे. महिनाभर बोअरचं आणि टँकरचं पाणी येतंय. त्यात मी पाण्याची बचत म्हणून शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी झाडांना घालत होते. त्या पाण्यात तर क्षार आणखी साठलेले असतात. फरशी पुसायला ते चालतं, कुंडीला नाही, आणि कॅलॅथियाला तर मुळीच नाही. आता पाऊस येईपर्यंत कसं तरी टिकवायचं.

रंगीत अळूचे, म्हणजे कॅलॅडियमचे, १२ कंद आणले, ७२० रुपये. पाच कुंड्यांत, सात खाली आंब्याच्या सावलीत. डोळा वर ठेवून दोन इंच खोल लावले. कंद हाताळून झाल्यावर हात चांगले खाजले. घराणं अळूचंच. हातांना तेल लावून मग पुढचे लावले. घरात लहान मूल, कुत्रं-मांजर असेल तर ही पानं त्यांच्या तोंडात जाणार नाहीत अशा जागी लावा.

१६ जून

पाऊस बसला. १२ पैकी ९ कंद उगवले, पानांची सुरळी उलगडताना बघत राहावी अशी. पांढऱ्या पानात हिरव्या शिरा, गुलाबीत लाल शिरा. न उगवलेले तिन्ही कुंडीतले. कोंब दिसण्याआधी मी रोज पाणी घालत होते, ते कुजून मऊ झाले. कोंब येईपर्यंत माती नुसती दमट हवी.

३० जून

खालच्या पट्ट्यातले चारही कोलियस एका रात्रीत साफ. फक्त देठ. कडेने चकाकणारे पट्टे, म्हणजे गोगलगायी. रात्री नऊला विजेरी घेऊन उतरले तर बोटभर लांबीच्या बावीस मोजल्या.

एक उपाय गावाकडच्या शेतकऱ्यांचा, सोयाबीनवर करतात तो: गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी जमिनीवर पसरायचं. सकाळी खाली सगळ्या जमलेल्या मिळतात, त्या हातमोजे घालून गोळा करायच्या आणि मिठाच्या घट्ट पाण्यात टाकायच्या. आठवडाभर केलं. पहिल्या दिवशी ३१, सातव्या दिवशी ४. कॉर्डिलाइनला आणि कॅलॅडियमला फारसा हात लावला नव्हता, कोलियसवरच डोळा होता. वर गच्चीवर उरलेल्या चार कोलियसचे शेंडे खुडून पाण्याच्या पेल्यात ठेवले, आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं येतात. त्यातून पुन्हा अकरा रोपं झाली. पण आता कोलियस फक्त वर.

२५ जुलै

रात्रभर कोसळला. सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, बातम्या बघवत नव्हत्या. आपल्या कुंड्यांचं लिहायला आज मन होत नाही. पण सकाळी सात वाजता पाहिलं तेव्हा सगळ्या कुंड्यांखालच्या ताटल्या काठोकाठ भरलेल्या होत्या. ओतून टाकल्या.

४ ऑगस्ट, रविवार

खिडकीतली अ‍ॅग्लोनिमा 'पावसात नाचू दे' म्हणून जुलैत बाहेर ठेवली होती. एक बुंध्यापासून काळी पडून आडवी झाली, कुबट वास. दुसरीची मुळं निम्मी गेली होती. काळी मुळं कापून, कोरड्या मिश्रणात लावून आत घेतली. पावसाळ्यात कुंडीखाली ताटली ठेवायचीच नाही. सगळ्या कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलल्या, म्हणजे खालचं भोक मोकळं राहतं.

चांगली गोष्ट: पावसाच्या पाण्याने कुंड्यांतली खार धुऊन गेली. कॅलॅथियाला नव्या पानांच्या चार सुरळ्या, कडा स्वच्छ.

दोन्ही पेट्रा खाली बोडक्या आणि वर शेंडा अशा झाल्या होत्या. मामीला गुहागरला फोन केला. ती म्हणाली, "अगो, पाऊस आहे तोवर गुटी बांध. छाटून टाकू नको." गुटी म्हणजे फांदी न कापता झाडावरच तिला मुळं फुटू द्यायची. दोन पेट्रा आणि एका गोल्ड डस्टवर मिळून पाच गुट्या बांधल्या. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर इंचभर रुंद साल गोल काढायची, रात्रभर भिजवलेलं शेवाळ घट्ट पिळून भोवती लपेटायचं, वर प्लॅस्टिक आणि दोन्ही टोकांना दोरा. चीक कपड्यांना लागू देऊ नका. माझ्या पांढऱ्या ओढणीवर तपकिरी डाग पडला तो निघालेला नाही.

११ सप्टेंबर

गणपतीला मामीकडे आहे. या नोंदीसाठी खास वही आणली होती, आणि बरं झालं.

मामीच्या अंगणात फाटकापासून गोठ्यापर्यंत क्रोटनची ओळ आहे. अरुंद, पिळाच्या पानांचं जुनं क्रोटन. सगळी ओळ एकाच झाडाच्या फाट्यांची, मामीच्या सासूबाईंनी लावलेली. फाटकाशी, जिथे दिवसभर उघडं ऊन, तिथलं झाड निखाऱ्यासारखं लाल. पुढे पुढे फणसाची सावली वाढत जाते तसा लाल नारिंगी होतो, मग पिवळा. गोठ्याजवळचं शेवटचं झाड जवळजवळ हिरवं, नुसती शिरेला पिवळी झाक. वीस पावलांत. माझ्या हातात दोन टोकांची दोन पानं होती आणि ती एकाच झाडाची आहेत हे मामीनं सांगितलं नसतं तर मी मानलं नसतं.

मग मी विचारलं, फाटकाशी दिवसभर ऊन असून ते भाजत कसं नाही? माझं तर चार तासांत भाजतं. मामी म्हणाली, "इथे हवेतच पाणी आहे, तुमच्या पुण्यात आहे का?" कोकणातलं दमट हवेतलं ऊन आणि पुण्यातलं कोरड्या एप्रिलचं ऊन, घड्याळात तास सारखे असले तरी पानाला सारखे नाहीत. पुण्यात क्रोटनला रंगासाठी ऊन हवंच, पण फेब्रुवारी ते मे दुपारचं थेट ऊन नेटमधून द्यायचं, आणि जूनपासून नेट काढून टाकायची. मी जून-जुलै-ऑगस्ट नेट तशीच ठेवली. ढगाळ दिवसांत आधीच उजेड कमी, वर ५० टक्के नेट. पेट्रा हिरव्या राहिल्या त्याचं कारण इथे, या अंगणात कळलं.

मामीनं निघताना सहा फाटे दिले, ओल्या फडक्यात आणि वरून केळीच्या सोपटात बांधून. बसच्या नऊ तासांत एक पान मलूल झालं नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

नेट उतरवली. गुट्या उघडल्या, ४२ दिवस झाले. तिनांत प्लॅस्टिकच्या आतून पांढरी मुळं शेवयांसारखी दिसत होती. उरलेल्या दोनांत एकही मूळ नाही, काढलेल्या सालीच्या जागी नवी साल भरून आली होती. साल काढल्यावर खाली जो बुळबुळीत थर राहतो तो सुरीच्या पाठीने खरवडून पांढरं लाकूड दिसू द्यायला हवं होतं. त्या दोनांत मी घाई केली. तीन गुट्या प्लॅस्टिकच्या खाली कापल्या, निम्मी पानं कमी केली, शेवाळ न सोडवता कुंडीत लावल्या, पंधरा दिवस सावलीत.

२० ऑक्टोबर

ऑगस्टमध्ये माळीकाकांकडून थोडा युरिया मागून आणला होता. कोलियसला प्रत्येकी अर्धा चमचा दिला. वाढ जोरात झाली, पण पानं मोठी, पातळ आणि हिरवट. मधला किरमिजी डाग आकसला. नत्र जास्त झालं. आता फक्त महिन्यातून एकदा मूठभर गांडूळ खत. शेंडे खुडले, तुरे दिसले की काढते. नवी फूट पुन्हा किरमिजी येते आहे.

नेट काढल्याला पाच आठवडे झाले. पेट्राच्या मधल्या पानांच्या शिरा नारिंगी झाल्या.

२४ नोव्हेंबर

कॅलॅडियमची पानं दिवाळीनंतर माना टाकायला लागली. रोग समजून एका कुंडीत पाणी आणि खत वाढवलं. कंद सडला. मामीला विचारायला हवं होतं. तिच्या परसातलं अळूही थंडीत असंच बसतं. हा त्याचा झोपायचा काळ. बाकीचं पाणी तोडलं, पानं पूर्ण वाळू दिली आणि आज कंद काढले. लहानमोठे मिळून १४. दोन दिवस सावलीत सुकवून कोरड्या वाळूत, पुठ्ठ्याच्या खोक्यात, स्वयंपाकघराच्या माळ्यावर. मेपर्यंत हात लावायचा नाही.

१५ डिसेंबर

तिसरी मोजणी, निळ्या खडूने. दक्षिणेच्या भिंतीची सावली आता साडेसात फुटांपर्यंत येते. क्रोटन उत्तरेकडे सरकवली. पहाटे गच्चीतल्या तापमापकावर ११ अंश. कोलियस अंग चोरून बसले आहेत, खालची पानं गळतात. त्यांना घराच्या भिंतीला टेकवून ठेवलं, रात्री भिंतीची ऊब मिळते. पाणी सकाळी दहानंतर, संध्याकाळी नाही.

पेट्रा मात्र या थंडीतल्या उघड्या उन्हात लाल झाली. खालची पानं गडद तांबडी, मधली नारिंगी, शेंडा पिवळा. दहा महिने वाट पाहिली. आज दोनदा नुसती जाऊन उभी राहिले.

२७ जानेवारी २०२५

या आठवड्यात एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेले. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास ते दरवर्षी भरतं. लोक फुलांपाशी गर्दी करतात, मी पानांच्या कुंड्यांपाशी थांबले. तिथल्या क्रोटनला बुंध्यापासून पानं होती. माझी खालून बोडकी. फरक फेब्रुवारीतल्या गळतीचा. यंदा काहीच विकत आणलं नाही.

घरी आल्यावर अकॅलिफाच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले, पिठ्या ढेकूण. महिनाभर कुंडीवर मुंग्यांची रांग दिसत होती, तेव्हाच शोधायला हवं होतं. कानातल्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक पुसला. तीन आठवडे, दर चार दिवसांनी.

१६ मार्च २०२५, रविवार

हिशेब: रोपं ३,०६०, टेम्पो ४००, कुंड्या-माती २,७५०, नेट दोन्ही वेळची १,५३०, कंद ७२०, खत आणि निंबोळी तेल ६४०, शेवाळ-स्पिरिट वगैरे ३१०. एकूण ९,४१० रुपये. वेळ रोज वीस मिनिटं, रविवार वेगळे.

गेलेली: मॅमी, एक अ‍ॅग्लोनिमा, खालचे चार कोलियस, कॅलॅडियमचे चार कंद. कॅलॅथिया शेजारच्या वहिनींना दिली. त्यांच्या न्हाणीघराला पूर्वेची खिडकी आहे, तिथे ती माझ्याकडच्यापेक्षा चांगली आहे. मामीच्या सहा फाट्यांपैकी पाच जगले, ते खालच्या पट्ट्यात आंब्याच्या सावलीबाहेर लावले.

आज सकाळी फरशीवर गेल्या वर्षीच्या जागांवर ऑइलपेंटचे ठिपके दिले: मार्चचे पांढरे, मेचे गुलाबी, डिसेंबरचे निळे. खडू पावसात धुऊन जातो, दोनदा नव्याने मोजावं लागलं होतं. नेट दुपारी बांधली, दर दोन फुटांवर. गुटीच्या तीन पेट्रांपैकी एक माळीकाका घेऊन गेले. पंधरा दिवस सावलीत ठेवा म्हणून सांगायला गेले तर ते म्हणाले, "ताई, आता तुम्ही मला सांगणार?" आणि कुंडी उचलून सावलीतल्या जिन्याखाली नेऊन ठेवली.